एकच चॅनेल पाथ सारखा सारखा पडतोय आणि डिस्क शेअर्ड आहेत, तर काय काय बघायचं

मेनफ्रेमवरचा हा प्रॉब्लेम असा असतो. चॅनेल पाथ म्हणजे मशीनपासून डिस्कपर्यंत आयओ (वाचणं-लिहिणं) जाण्याचा रस्ता. रात्री बॅच जोरात चालू आहे, कन्सोलवर आयओएस०५०आय येतो म्हणजे चॅनेलला एरर सापडली, मागोमाग आयओएस०५१आय म्हणजे इंटरफेस टाइमआउट, आणि मग आयओएस४५०ई, की अमुक डिव्हाइसचा अमुक पाथ चालत नाही म्हणून तो ऑफलाइन केलाय. ऑपरेटर व्हॅरी पाथ ऑनलाइन मारतो, पाथ मुकाट्याने वर येतो, शिफ्टच्या लॉगमध्ये "रिझॉल्व्ह्ड" लिहिलं जातं आणि सगळे चहाला जातात. तीन दिवसांनी परत तोच पाथ, परत तेच मेसेज.

माझ्यासमोर हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं, दोन मशिनवर मिळून तीन एलपार (मशीनचे पाडलेले भाग, प्रत्येकावर वेगळी सिस्टिम), सगळ्यांना एकच स्टोरेज बॉक्स, आणि प्रत्येक डिव्हाइसला चार पाथ. चार पाथ असल्यामुळेच कुणी मनावर घेतलं नाही, कारण एक गेला तरी तीन उरतात, जॉब पडत नाही, युजरला कळतही नाही. पण शेअर्ड डिस्कवर पाथ जाणं ही नुसती स्पीडची गोष्ट नाही, दुसरी सिस्टिम त्याच डिस्कवर लिहीत असते हे डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं करायचं.

आधी हा पाथचाच आजार आहे ना ते बघा

आयओएस०७१आय आला आणि त्यात स्टार्ट पेंडिंग दिसलं की बरेच जण थेट केबलवर संशय घेतात. थांबा. स्टार्ट पेंडिंग म्हणजे आयओ सुरूच झालेला नाही, आणि शेअर्ड डिस्कवर याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे दुसऱ्या सिस्टिमने त्या व्हॉल्यूमवर हार्डवेअर रिझर्व्ह (सगळी डिस्क एकट्यासाठी अडवणारं कुलूप) धरून ठेवलाय आणि सोडत नाहीये. मिसिंग इंटरप्ट हँडलरचा, म्हणजे आयओचं उत्तर वेळेत येतंय का ते बघणाऱ्याचा, डास्डसाठीचा (डिस्कसाठीचा) डिफॉल्ट वेळ १५ सेकंद असतो, म्हणजे कुणी त्यापेक्षा जास्त वेळ रिझर्व्ह अडवून बसलं की इकडे मेसेज सुरू. तुमच्या साइटवर किती ठेवलाय ते डी आयओएस,एमआयएच मारून बघा. आयओएस४३१आय पण आला असेल तर त्यात रिझर्व्ह कोणत्या सीपीयूकडे आहे ते सरळ लिहिलेलं असतं, नसेल तर डी जीआरएस,डीईव्ही=४१०० असं प्रत्येक सिस्टिमवर मारून बघा. तिकडे कुणी डीफ्रॅग लावून झोपलंय असं निघालं तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्या माणसाला उठवा.

रिझर्व्ह नाही, आणि ०५०, ०५१, ४५० हेच येतायत, तर मग पाथ. आयओएस००१ई मध्ये कोणते पाथ निकामी झालेत त्यांचे नंबर असतात. आयओएस००२ए म्हणजे पाथच उरला नाही, तिथे मात्र लेख वाचत बसू नका, सिनियरला फोन लावा.

हात लावायच्या आधी सगळ्या सिस्टिमवरून बघा

ही पायरी लोक सोडतात म्हणून जरा सविस्तर. ज्या सिस्टिमने बोंब मारली तिच्यावरच डिस्प्ले मारला तर अर्धं चित्र दिसतं. सिस्प्लेक्स (एकत्र जोडलेल्या सिस्टिमचा गट) असेल तर एकाच कन्सोलवरून रूट *ऑल,डी एम=डीईव्ही(४१००) मारा. माझ्याकडे असं आलं होतं:

डिव्हाइस ४१०० स्टेटस=ऑनलाइन
सीएचपी: २४, ३१, ५२, ६४
पाथ ऑनलाइन: एन, वाय, वाय, वाय
सीएचपी फिजिकली ऑनलाइन: वाय, वाय, वाय, वाय
पाथ ऑपरेशनल: एन, वाय, वाय, वाय

म्हणजे २४ नंबरचा चॅनेल स्वतः जिवंत आहे, पण त्याच्यावरून या डिव्हाइसपर्यंत पोचता येत नाहीये. मधलं काहीतरी गेलंय. चॅनेलच मेला असता तर 'फिजिकली ऑनलाइन'च्या ओळीत पण एन आला असता. दुसरा डिस्प्ले डीएस पी,४१००, हा प्रत्येक पाथवरून खरोखर आयओ पाठवून बघतो त्यामुळे मला त्याच्यावर जास्त भरवसा, नुसत्या टेबलातली माहिती वाचून दाखवणारा डिस्प्ले कधी कधी शिळा असतो.

आता तीनही एलपारवरचे निकाल शेजारी शेजारी ठेवा आणि कॉमन काय आहे ते शोधा. एकच चॅनेल पण त्याच्यावरची वेगवेगळी कंट्रोल युनिट (स्टोरेजमधले डिस्क सांभाळणारे कंट्रोलर) बोंबलतायत, तर दोष मशीनच्या बाजूचा, म्हणजे चॅनेल कार्ड, तिथला एसएफपी (केबल जिथे खोचतो तो उजेड पाठवणारा तुकडा), डायरेक्टरपर्यंतची (मशीन आणि स्टोरेजच्या मधल्या स्विचपर्यंतची) केबल किंवा डायरेक्टरचं त्या बाजूचं पोर्ट. उलट वेगवेगळ्या मशिनवरचे वेगवेगळे चॅनेल, पण सगळे एकाच स्टोरेज पोर्टकडे जाणारे पडतायत, तर दोष स्टोरेजच्या बाजूचा. दोन डायरेक्टर एकमेकांना जोडलेले असतील आणि पडणारे सगळे पाथ मधल्या जोडणीवरून जात असतील, तर बाकी सगळं सोडून तिथेच जा. आणि एकच डिव्हाइस रडतंय, शेजारची गप्प आहेत, तर पाथ बिचारा निर्दोष असू शकतो, आयईए४८०ई सर्व्हिस अलर्ट येऊन गेलाय का ते शोधा.

एक गंमत म्हणजे एकाच मशीनवरच्या दोन एलपारवर सेम टायमाला सेम नंबर पडला म्हणून आम्ही "दोन सिस्टिमवर आहे म्हणजे स्टोरेजच" असा निकाल लावला होता. चूक. तो चॅनेल दोन एलपारमध्ये शेअर्ड होता, खाली फिजिकल चॅनेल एकच. सीएचपीआयडी हा लॉजिकल नंबर आहे, त्याच्या खाली कोणता पीसीएचआयडी (फिजिकल चॅनेलचा नंबर) आहे ते एचएमसीवर (मशीन सांभाळायच्या हार्डवेअर कन्सोलवर) बघितल्याशिवाय दोन पुरावे मोजू नका, तो एकच पुरावा दोनदा दिसत असतो. आमचा यात एक आठवडा गेला.

एरर रेकॉर्ड आणि घड्याळं

कन्सोलवर जे दिसतं ते थोडं असतं, खरं लॉगरेकमध्ये (सिस्टिमच्या हार्डवेअर एररच्या नोंदवहीत) असतं. ईरेप (ती वाचणारा प्रोग्राम) लावा आणि इव्हेंट हिस्टरी काढा, एकेका ओळीत वेळेच्या क्रमाने सगळं येतं आणि पॅटर्न तिथेच दिसतो. इंटरफेस कंट्रोल चेक आहेत की चॅनेल कंट्रोल चेक ते बघा, पहिल्यात लिंकवर काहीतरी बिघडतंय, दुसऱ्यात चॅनेल हार्डवेअरवर संशय जास्त. आम्ही दोन महिन्यांचं काढलं तर कन्सोलवर अकरा वेळा पाथ पडला होता, पण लॉगरेकमध्ये त्याच लिंकच्या एरर शंभराच्या वर, बाकीच्या वेळी रिट्राय यशस्वी झाला म्हणून कुणाला कळलं नाही एवढंच.

घड्याळांचं बघाच. मेनफ्रेम लोकल टाइम लिहितो, स्टोरेज बॉक्स बऱ्याचदा यूटीसी, आणि डायरेक्टरचं घड्याळ देवाच्या भरवशावर. आमच्या डायरेक्टरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं आणि त्यामुळे पहिले कितीतरी दिवस दोन्हीकडचे लॉग जुळतच नव्हते, मी म्हणत होतो डायरेक्टरला काही दिसलंच नाही, नेटवर्कवाले म्हणत होते तुमचाच चॅनेल खराब, आणि दोघंही खोटं बोलत नव्हतो.

डायरेक्टरचे काउंटर कसे वाचायचे

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. सीआरसी (फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, नीट आलं का ते तपासणारा आकडा) एरर ज्या पोर्टवर दिसली ते पोर्ट खराब, असं नसतं. फ्रेम कुठेतरी आधीच बिघडते आणि मग पुढच्या प्रत्येक पोर्टवर मोजली जाते, म्हणजे चोर एक आणि पंचनामा चार घरांत. म्हणून बघायचा तो काउंटर म्हणजे सीआरसी चुकलंय पण फ्रेमच्या शेवटचा ईओएफ (फ्रेम संपल्याची खूण) अजून चांगला आहे, असा वेगळा मोजलेला. ईओएफ चांगला म्हणजे आधीच्या कुणी ही फ्रेम खराब म्हणून शिक्का मारलेला नाही, म्हणजे ती याच पोर्टकडे येणाऱ्या वायरवर बिघडली. जिथे हा काउंटर वाढतोय तिथे येणारी केबल आणि तिच्या दोन्ही टोकांचे एसएफपी, एवढेच संशयित. बाकीची पोर्टं सोडून द्या.

काउंटर आधी शून्यावर आणा, वेळ लिहून ठेवा, मग रात्रीची बॅच जाऊ द्या. दोन वर्षांचे साठलेले आकडे बघून काहीच कळत नाही, त्यात जुन्या मेंटेनन्सच्या वेळी केबल काढल्या-घातल्याचे पण धरलेले असतात. आमच्याकडे एका रात्रीत फक्त एका पोर्टवर हा काउंटर चढला, चॅनेल २४ कडून येणाऱ्या बाजूला. दोन महिन्यांचं भांडण एका आकड्यात मिटलं.

प्रत्यक्ष केबल

केबल काढायच्या आधी तो चॅनेल प्रत्येक एलपारवर ऑफलाइन करायचा, सीएफ सीएचपी(२४),ऑफलाइन हा कमांड ज्या सिस्टिमवर मारला तिच्यापुरताच लागू होतो, शेअर्ड चॅनेल असेल तर बाकीच्या एलपारवर तो अजून चालूच असतो. आणि त्याच्या आधी बाकीचे पाथ सगळ्या डिव्हाइसना खरंच आहेत ना ते बघा, कारण एखाद्या डिव्हाइसचा दुसरा पाथ मागच्या महिन्यात कुणीतरी हाताने ऑफलाइन करून विसरलेला असतो, हे मी कल्पनेतून सांगत नाहीये. साधा ऑफलाइन मारला तर वापरात असलेल्या डिव्हाइसचा शेवटचा पाथ सिस्टिम तुम्हाला सहज काढू देत नाही. तिने नाही म्हटलं तर का म्हणतेय ते शोधा. लगेच फोर्स लावू नका. फोर्सने वापरात असलेली, रिझर्व्ह असलेली डिव्हाइस पण बॉक्स होतात, म्हणजे सिस्टिम त्यांना जबरदस्तीने बंद करून टाकते, आणि मग रात्र तुमची.

"एक सेकंदात काढून लावतो" म्हणणारा एखादा तरी असतोच. चालू चॅनेलची केबल ओढली तर त्याच्यावर आयओ टाकलेल्या सगळ्या सिस्टिम एकदम रिकव्हरीत जातात, एका सेकंदाचं काम दहा मिनिटांचं होतं.

केबल काढल्यावर टोक मायक्रोस्कोपखाली बघा, डोळ्यांनी काही दिसत नाही आणि डोळे लावायचेही नाहीत. आमच्या टोकावर मधोमध, कोअरच्या कडेला, तेलकट बोटाचा असावा तसा एक अर्धचंद्रासारखा डाग होता, आणि त्यात अडकलेला धुळीचा एक कण. मल्टिमोडचा कोअर ५० मायक्रॉन, सिंगलमोडचा ९, त्यापुढे तो कण म्हणजे रस्त्यात पडलेला धोंडा. पहिल्यांदा कोरडा क्लीनर मारला तर डाग पसरला, मग ओला करून पुसला तेव्हा गेला. फुंकर मारून साफ करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, तोंडातल्या वाफेने उलट थर बसतो.

पण नुसता डागच नव्हता. हा पाथ आधी कित्येक वर्षं नीट चालला, मग आत्ताच काय झालं, हा प्रश्न मला छळत होता, आणि उत्तर असं निघालं की काही महिन्यांपूर्वी ८ गिगचे चॅनेल १६ गिगचे केले होते आणि जमिनीखालची केबल जुनीच ठेवली होती. ओएम३ केबल (ओएम म्हणजे मल्टिमोड फायबरचा दर्जा) ८ गिगला १५० मीटरपर्यंत चालते, १६ गिगला १०० मीटर. ओएम२ असेल तर तेच आकडे ५० आणि ३५. आमची ओएम३, लांबी साधारण ११० मीटर, म्हणजे ८ गिगला आरामात आणि १६ गिगला मर्यादेच्या बाहेर, तरीही टोकं साफ असताना ती कशीबशी चालत होती. डाग पडला, उजेड थोडा कमी झाला, आणि जोराच्या ट्रॅफिकला फ्रेम बिघडायला लागल्या. स्पीड वाढवल्यावर दोन-तीन महिन्यांत असले प्रकार सुरू झाले असतील तर आधी केबलचा प्रकार आणि लांबी मोजा, पॅच पॅनेलमधले सगळे जोड धरून.

शेवटी ओएम४ टाकली, ती १६ गिगला १२५ मीटर जाते. एसएफपी पण बदलला, तो बदलायची गरज होती का ते खरं सांगायचं तर नक्की नाही, पण पॅनेल उघडलंच होतं.

सिस्टिमच थांबली आणि वेट स्टेट ०६२ दिसला तर

हे क्वचित होतं पण झालं की घाम फुटतो, म्हणून आधीच वाचून ठेवा. चॅनेल पाथवर अशी एरर आली की रिसेटमध्ये शेअर्ड डिव्हाइसवरचे रिझर्व्ह सुटू शकतात, तर सिस्टिम स्वतःहून थांबते आणि आयओएस०६२ई देते. मेसेज कन्सोलवर दाखवताच आला नाही तर नुसता वेट स्टेट ०६२ दिसतो, तो एचएमसीवर बघावा लागतो. सिस्टिम मेलेली नाही, हा रिस्टार्ट होणारा वेट आहे. ती तुम्हाला सांगतेय, की मी रिझर्व्ह धरून व्हीटॉक (डिस्कवर काय कुठे आहे त्याची यादी) अर्धवट लिहिला असेन, माझा रिझर्व्ह सुटला की शेजारी आत शिरेल, तर आधी त्याला थांबव.

म्हणून क्रम असा की त्या डिव्हाइस शेअर करणाऱ्या बाकीच्या सिस्टिम एचएमसीवरून आधी थांबवायच्या, मग मेसेजमध्ये सांगितलंय त्याप्रमाणे या सिस्टिमला पुढे जाऊ द्यायचं, ती आपले रिझर्व्ह परत मिळवते, आणि थांबवलेल्या सिस्टिम आता चालू करा असा आयओएस२०१ई आला की मगच त्या चालू करायच्या. घाईत लोक उलटं करतात, थांबलेली सिस्टिम दिसली की आधी तिलाच रिस्टार्ट मारतात. बहुतेक वेळा काही होत नाही. एखाद्या वेळी व्हीटॉक फाटतो आणि ते दोन दिवसांनी कळतं.

दुसरं, सिस्प्लेक्समध्ये थांबवलेली सिस्टिम आपण जिवंत आहोत हे इतरांना कळवत नाही. वेळ जास्त गेला तर बाकीच्या तिला मेलेली समजून बाहेर काढतील. म्हणजे थांबवून मग मॅन्युअल शोधायला बसलात तर गेलात. कोण कोणत्या डिस्क शेअर करतं त्याची यादी कागदावर छापून कन्सोलशेजारी चिकटवा, कारण त्या क्षणी ती ज्या डेटासेटमध्ये आहे तो उघडणार नाही.

ही वेळ कमी यावी म्हणून जीआरएसचं (सिस्टिम-सिस्टिममधली कुलुपं सांभाळणाऱ्या भागाचं) काम आधीच करून ठेवता येतं. एकाच जीआरएस कॉम्प्लेक्समधल्या सिस्टिमपुरत्या शेअर असलेल्या डिस्कसाठी रिझर्व्ह कन्व्हर्जनच्या यादीत एसवायएसव्हीटीओसीसारखी नावं टाकली की हार्डवेअर रिझर्व्ह जातच नाही, त्याऐवजी ग्लोबल एनक्यू (कॉम्प्लेक्समधल्या सगळ्यांना दिसणारं सॉफ्टवेअरचं कुलूप) लागतो, आणि चॅनेल रिसेट झाला तरी एनक्यू सुटत नाही. वर सांगितलेली स्टार्ट पेंडिंगची बोंब पण यानेच कमी होते. फक्त एखादी डिस्क कॉम्प्लेक्सच्या बाहेरच्या सिस्टिमशी शेअर असेल तर तिथे हे करायचं नाही, बाहेरच्याला तुमचा एनक्यू दिसत नाही, त्याला फक्त हार्डवेअर रिझर्व्हच अडवू शकतो. अशी एक तरी डिस्क प्रत्येक साइटवर असते आणि ती कुणाच्याच लक्षात नसते.

पाथ परत आणताना

सीएफ सीएचपी(२४),ऑनलाइन प्रत्येक एलपारवर, मग डी एम=डीईव्ही पुन्हा. ऑपरेटरने हाताने काढलेले पाथ आपोआप परत येत नाहीत, ते व्ही पाथ(४१००,२४),ऑनलाइन करून आणावे लागतात. कुठे एन राहिलाय ते सगळ्या सिस्टिमवरून बघा. बॉक्स झालेलं डिव्हाइस असेल तर डी यू मध्ये स्टेटसला बॉक्स दिसतो. ते लगेच ऑनलाइन करू नका, आधी ते वापरणारे जॉब संपवा, पाथ पक्के झाल्याची खात्री करा, मग व्हॅरी ऑनलाइन, आणि रिझर्व्ह सुटल्याचा संशय असेल तर व्हॉल्यूमचा व्हीटॉक तपासल्याशिवाय बॅच सोडू नका.

आणखी एक सेटिंग, जे आम्ही या प्रकरणानंतर लावलं. आयईसीआयओएस मेंबरमध्ये (आयओच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) रिकव्हरीच्या ओळीत पाथ_स्कोप=सीयू ठेवता येतं. डिफॉल्टला सिस्टिम एकेक डिव्हाइस धरून पाथ काढते, म्हणजे लिंक लंगडत असेल तर शेकडो डिव्हाइस एकामागोमाग ठेचकाळतात, प्रत्येकाची वेगळी रिकव्हरी, आणि तेवढा वेळ ॲप्लिकेशन लटकलेलं. सीयू केलं की ठराविक मिनिटांत ठराविक मर्यादेपेक्षा जास्त एरर आल्या तर त्या कंट्रोल युनिटच्या सगळ्या डिव्हाइसवरून तो पाथ एकदम काढला जातो. मर्यादा फार खाली ठेवू नका, नाहीतर एका शिंकेला पाथ जाईल.

बदलल्यानंतर तीन आठवडे मी रोज सकाळी तो काउंटर बघत होतो, शून्यच. जुनी केबल मात्र कुणीतरी गुंडाळून स्पेअरच्या खोक्यात ठेवली होती, वर "ओके" लिहून. ती मी दोन जागी कापली आणि मगच घरी गेलो.